मुद्देमाल : दगड

मार्गशीर्षात भाताच्या उडव्या रचून झाल्या आणि खाचरांत नुसती धसकटे उरली, म्हणजे कर्जत-खालापूरकडील शिवारांत तिघेच जण मान खाली घालून हिंडताना दिसत : गळालेला दाणा टिपणारी पाखरे, उंदरांच्या बिळांतले भात उकरून काढणारी कातकऱ्यांची पोरे आणि मी. पैकी पहिल्या दोघांना आपण काय शोधतो आहोत हे पक्के ठाऊक असे.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. १९५४ साली डॉ. हसमुख सांकळिया यांनी नेवाशास उत्खनन आरंभिले आणि प्रवरेच्या काठच्या आदिमानवाची व त्याच्या दगडी हत्यारांची वार्ता आमच्यापर्यंत पोहोचली. परंतु त्याहून जिव्हारी लागली ती टॉड नामक आरमारी अधिकाऱ्याची हकीकत. ज्या गृहस्थाने समुद्र सांभाळावयाचा, त्याने कांदिवलीच्या नाल्यांतून पुराणाश्मयुगीन हत्यारे वेचावी आणि १९३९ साली त्यांवर निबंधही प्रसिद्ध करावा, आणि मी मात्र जमिनीच्याच खात्यात जन्म घालवून जमिनीतून सातबाऱ्याखेरीज काही काढू नये! शिवाय कांदिवलीस राहणारा मनुष्य हवापालटासाठी का होईना, उल्हास नदीच्या काठाकाठाने कर्जतपर्यंत आला नसेल, हे माझ्या बुद्धीस पटेना. माथेरान साहेबास १८५० साली सापडले. तत्पूर्वी ते कोणास सापडू नये असा काही सरकारी ठराव नव्हता.

मात्र मुहूर्त चुकला. कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मुक्रर झाला होता. त्या दिवशी जमीन कसणारे कूळच तिचे मालक मानले जावयाचे होते. आणि त्याच्या आदल्या हिवाळ्यात मामलेदार कचेरीतला माणूस पिशवी आणि वही घेऊन परक्याच्या शेतात पावलागणिक वाकतो, विचारात पडतो आणि काहीतरी टिपून घेतो, याचा अर्थ कोणीही एकच करील. पळसदरीच्या बाजूच्या एका कुळाने मला पाहताच बांधावरून धावत येऊन, "भाऊसाहेब, वहिवाट आमचीच हाय, आज्यापासून," असे बजावीत हद्दीचे दगड एकेक करून दाखविले. त्यांतला एक मला फारच आशादायक वाटल्यामुळे मी तो उपटून पाहू लागलो, तेव्हा त्या बापड्याच्या तोंडचे पाणी पळाले. सायंकाळी त्याच जमिनीच्या मालकाने मला घरी बोलावून चहा-पोहे दिले आणि दगड उपटलात हे फार योग्य केलेत, असे हलक्या आवाजात सांगितले. दगड मी दुसऱ्या दिवशी, दोघांचीही नजर चुकवून, होता तेथे रोवून आलो.

भाताचे खाचर या छंदास मुळातच प्रतिकूल. दर आषाढात चिखलणी होते आणि जे वर असेल तेही चिखल पोटात घेतो. म्हणून मी वरकस जमिनीकडे वळलो. तेथे नाचणी-वरी निघाल्यावर उताराची धुपलेली माती आपली हाडे उघडी टाकून पडलेली असते. दगडावर मनुष्याने घाव घालून कपचा काढला, तर घावाच्या जागेखाली शिंपल्याच्या पाठीसारखा एक फुगवटा येतो आणि तेथून पाण्यात खडा पडावा तशा अर्धवर्तुळाकार लहरी पसरतात. तिरप्या उन्हात त्या डोळ्यांस दिसतात आणि अंधारात अंगठ्यास कळतात. दोन हिवाळ्यांत मी असे २१४ नग जमवून घासलेटच्या तीन डब्यांत भरले आणि अनुक्रम, गाव, सर्व्हे नंबर, वर्णन, शेरा अशा रकान्यांची पंचनामेवजा वही ठेविली.

पुण्याच्या एका जाणत्या संशोधकांपुढे मी हा सारा मुद्देमाल रिता केला. त्यांनी एकेक दगड उजेडाकडे धरला. "घाव माणसाचाच," ते म्हणाले, आणि माझा ऊर भरून आला. "फुगवटा आहे, लहरी आहेत, आणि ही पोलादी हातोड्याची खूण. आपली शेते आगगाडीच्या रस्त्यालगत आहेत काय?"

होती. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. १८६१ च्या सुमारास तेथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी रुळांखाली घालण्यासाठी जो काळा पत्थर फोडला, त्यातली सांडलेली खडी मी दोन वर्षे श्रद्धेने वेचीत होतो. लक्षावधी वर्षांपूर्वीचा माझा शिकारी जी. आय. पी. रेल्वेचा रोजंदार निघाला! नियतीचा खवचटपणा असा की, त्याच १८६३ च्या ३० मे रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे हिंदुस्थानातले पहिले पुराणाश्मयुगीन हत्यार सापडले, ते खडीच्याच खाणीत. त्यांना खडीत हत्यार सापडले. मला हत्यारांत खडी.

मात्र एक नग त्यांनी बाजूस काढला. करंगळीच्या पेराएवढी, मधाच्या रंगाची ती गारगोटी होती आणि तिच्या अंगावर उभ्या, समांतर, पेन्सिल तासावी तशा खाचा होत्या. बारीक पाती काढून घेतल्यावर उरतो तो हा गाभा असावा, म्हणाले; नेमका कोठे आणि कशासोबत मिळाला ते पुन्हा जाऊन पाहा.

पुढच्या रविवारी मी त्या सर्व्हे नंबरात हजर झालो. बांधावर एक वृद्ध कातकरी विडी तोंडात धरून बसला होता. त्याच्या तळहातावर गारगोटी ठेवून मी विचारले, "बाबा, असले दगड या अंगास आणखी कोठे मिळतात?" त्याने ती निरखली, तीवरून अंगठा फिरविला आणि कमरेची चंची सोडून पोलादाचा तुकडा व सावरीचा कापूस काढला. एक, दोन, तीन. ठिणगी पडली, कापूस धुमसला, विडी पेटली. "ब्येस गार हाय," इतकेच बोलून त्याने पोलाद, कापूस आणि माझी गारगोटी चंचीत घातली आणि दोरी आवळली.

जप्तीचे पुष्कळ नमुने मी आयुष्यात भरले आहेत. पण त्या चंचीपुढे माझ्या तोंडून शब्द निघेना. घरी येऊन वही उघडली आणि त्या नगासमोर, शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : वापरात.