एसएसडीकाका

नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत ‘लॅपटॉप जरा हळू चालतोय’ हे वाक्य जिन्यात उभं राहून उच्चारू नये. उच्चारलंत तर तळमजल्यावरचं एक दार उघडतं, बनियनवर एक गृहस्थ बाहेर येतात आणि विचारतात, “हार्ड डिस्क आहे ना अजून?” डॉक्टर ‘तंबाखू खाता ना?’ असं ज्या स्वरात विचारतात, तोच स्वर. आपण ओशाळून मान हलवली की पुढचं वाक्य ठरलेलं. “एसएसडी टाकून घे. रॉकेट होतं.”

यांना सगळी बिल्डिंग एसएसडीकाका म्हणते. समोरसुद्धा.

काका एकतीस वर्षं अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात होते. मेंटेनन्सच्या माणसाचा एक जुना रिवाज आहे. मशीनवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून बेअरिंग ऐकायचं. ते घासतंय की गातंय हे अनुभवी कानाला कळतं. निवृत्तीबरोबर मशीन सुटलं, स्क्रूड्रायव्हर सुटला नाही. आता तो लॅपटॉपवर टेकतो. कारण हार्ड डिस्क म्हणजे शेवटी मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडीच, आणि जे फिरतं त्याला बेअरिंग असतं. “ऐक, कशी कण्हतेय,” असं म्हणून त्यांनी माझाही कान एकदा त्या मुठीला लावला होता. मला समुद्र ऐकू आला.

हा माणूस काही काल जन्मलेला नाही. प्रत्येक पिढीत तो असतोच, फक्त त्याचं औषध बदलतं. टीव्ही नवे होते तेव्हा तो गच्चीवर अँटेना फिरवत “आलं का?” ओरडायचा आणि खालून अख्खं घर “गेलं! गेलं!” असं उत्तर द्यायचं. मग तो स्टॅबिलायझर घ्यायला सांगू लागला. मग कॉम्प्युटर आले, तेव्हा “रॅम वाढव” म्हणू लागला. आता एसएसडी. प्रिंटर कागद गिळतोय? एसएसडी टाक. मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये बाई थिजल्या? एसएसडी टाक. पाण्याच्या टाकीची मोटर बंद पडली तेव्हा काका बाहेर येताना दिसले, आणि चेअरमन नकळत म्हणाले, “काका, हिला नाही बसायची.”

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. त्याचं हळू चालणं माझ्या अंगवळणी पडलं होतं, किंबहुना माझी सकाळ त्यावरच बेतलेली होती. बटण दाबायचं, चहा टाकायचा, खाली जाऊन दूध आणायचं, तुळशीला पाणी घालायचं, पेपरातली पहिल्या पानाची भांडणं वाचायची. तोवर पडद्यावर चित्र उमटलेलं असे. पुण्यातल्या साहेबांना “सर, सुरू होतोय” एवढं सांगितलं की तेही समजून घेत. त्यांचाही तसाच होता.

पण एकदा मी जिन्यात ते वाक्य बोललो.

खरेदीला काका स्वतः आले, एम. जी. रोडला. तिथला पोरगा आम्हाला सेकंदाला साडेतीन हजार एमबीवाली भारी वस्तू दाखवू लागला. काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “याच्या लॅपटॉपला ती खाचच नाही. आणि याची पाइपलाइन साडेपाचशेच्या वर जात नाही. द्वारका सर्कलला विमानाचं इंजिन लावलेली रिक्षा आणून हा करणार काय?” पोरग्याने निमूटपणे अडीच इंची साटावाली काढली. हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरच्या आसपास वाचताना धाप लागते, तेव्हा साडेपाचशे म्हणजे आमच्यासाठी चंगळच.

घरी आल्यावर मला घोर लागला तो वेगळाच. डबीवर २५६ जीबी, आणि लॅपटॉपला जोडून पाहिलं तर २३८. मी तावातावाने परत जायला निघालो. काकांनी हात धरला. “सराफ बाजारात तोळा किती ग्रॅमचा?” मी म्हटलं, दहा. “तुझ्या आजीचा तोळा साडेअकराच्या वर होता. सोनं तेच, वजनं दोन. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज एक हजार चोवीसच्या. कोणीही चोर नाही.” तंत्रज्ञानावरची बरीच व्याख्यानं ऐकली आहेत, पण एवढं नेमकं मला दुसरं कोणी समजावलेलं नाही.

शस्त्रक्रिया आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. काकांचा स्क्रू कधीही उरत नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते लॅपटॉपच्या पोटाचं चित्र काढतात आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवतात. लांब स्क्रू लांबच्या जागी, आखूड आखूडच्या. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका अशी अकरा ठिकाणी भोसकली गेली. हिच्या चेहऱ्यावरून ती बातमी माहेरी पोचणार हे मला तिथेच कळलं.

त्यानंतर जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, म्हणजे क्लोनिंग. याला तीन तास लागले, आणि त्या तीन तासांसाठीच काका हा उद्योग करतात असा मला दाट संशय आहे. पोहे झाले, चहा दोनदा झाला. १९५६ साली आयबीएमने काढलेल्या पहिल्या हार्ड डिस्कची कथा झाली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि मावायचं एकूण पाच एमबी. “म्हणजे तुझ्या मोबाइलमधला एखादा फोटो मावला तर मावला. आणि तो न्यायला ओझरहून विमान मागवावं लागलं असतं!” ते स्वतःच हसले. मग एसएसडीतल्या नॅन्ड फ्लॅशचे जनक, तोशिबाचे मासुओका, आले. त्यांचं नाव काका जुन्या कीर्तनकाराच्या आदराने घेतात.

पैसे ते घेत नाहीत. फी वेगळी आहे. काम झालं की सगळ्यांनी जमायचं. मी, ही, मुलगी, शेजारचे दोघे, आणि दार उघडं दिसलं म्हणून आत आलेला कुरिअरवाला. काकांकडे कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच आहे आणि एक रजिस्टर, त्यात दोनच रकाने, ‘आधी’ आणि ‘नंतर’. माझ्या ‘आधी’त लिहिलेलं होतं चार मिनिटं दहा सेकंद. बटण दाबलं. सोळाव्या सेकंदाला चित्र हजर. कुरिअरवाल्याने टाळी वाजवली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते आमची तोंडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबून चहा टाकायला वळलो तर मागून लॅपटॉप तयार. दूध आणायला मुलीला जावं लागलं. तुळस दोन दिवस कोरडी राहिली. नऊ वाजून सोळा सेकंदांनी साहेबांचा निरोप, “ऑनलाइन दिसताय?” त्या सोळा सेकंदांनी माझं काम काही भराभर होऊ लागलं नाही. फक्त ते सुरू न करण्याचं सबळ कारण गेलं.

काकांना खरा धक्का बसला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी विंडोज १० चा आधार संपला, आणि त्यांच्या रजिस्टरातली निम्मी यंत्रं अकराव्या विंडोजने दारातूनच परत पाठवली. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, सबब प्रवेश नाही. काका बरेच दिवस धुमसत होते. “आपल्या पंचवटीतले गुरुजी वहीत सात पिढ्या शोधून देतात, कुणाला नाही म्हणत नाहीत. आणि यांच्या वहीत आठवी असेल तरच श्राद्ध!” माझा लॅपटॉप सातव्या पिढीतला. आम्ही तो तसाच, पोरकाच चालवत राहिलो.

मग एका सोमवारी बटण दाबलं आणि सोळा सेकंदं झाली, मिनिट झालं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, तिचा मथितार्थ एवढाच की आत कोणी राहत नाही.

काका आले. पत्रिका त्यांनी जपून ठेवलेलीच होती. पोट उघडलं, एसएसडीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. जागा बदलली. परत ऐकलं. मी श्वास धरून उभा होतो.

“काहीच बोलत नाही रे ही,” ते म्हणाले. “हार्ड डिस्क जायच्या आधी आठ-आठ दिवस टकटक करायची. नोटीस देऊन जायची. ही जिवंत होती तेव्हाही अशीच होती. मला कसं कळणार?” त्या मुठीकडे ते थोडा वेळ बघत राहिले. लॅपटॉपमधला जो भाग त्यांच्या कानाला कळत होता, तोच त्यांनी साऱ्या सोसायटीतून एकेक करून उपटून काढला होता.

“जुनी कुठाय?”

जुनी त्यांनीच त्या दिवशी कागदात गुंडाळून, वर नाव-तारीख घालून दिली होती. ‘पुसायची नाही’ असंही लिहिलं होतं. चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ती माळ्यावर पडून होती. ही ती दोनदा भंगारात द्यायला निघाली होती. मी स्टुलावर चढून डबा काढला. काकांनी डिस्क जागेवर बसवली, स्क्रू न लावताच बटण दाबलं, आणि पुन्हा मूठ कानाला लावली.

चित्र काही इतक्यात येणार नव्हतं. मी आत जाऊन चहा टाकला. आधण चढत होतं तेव्हा बाहेरून आवाज आला, “फिरतेय. बेअरिंग चांगलंय हिचं.”