मिसरोदच्या कुलूपरावांस जाहीर पत्र

रा. रा. कुलूपराव,
मुक्काम नवा फिल्म स्टुडिओ, मिसरोद, भोपाळ, यांस
कृ. सा. न. वि. वि.

आपली पहिली गाठ आमच्या संस्थेच्या या स्टुडिओच्या उद्घाटनाला पडली. त्या दिवशी आपण उघडे होतात, कडीला नुसते लोंबकळत होतात. ते रूप पुन्हा दिसलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

समारंभ झोकात झाला, याबद्दल वाद नाही. पोहे-जलेबी होती, फुलांची कमान होती. एसीच्या झोतात समईची वात टिकेना, तेव्हा एसी बंद करून दीपप्रज्वलन उरकलं. आम्हा विद्यार्थ्यांना टाळ्यांच्या कामी सकाळपासून बसवून ठेवलं होतं.

पण पैसे वसूल झाले ते क्रोमाच्या भिंतीपुढे. प्रमुख पाहुण्यांना हिरव्या पडद्यापुढे उभं केलं. मॉनिटरवर त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर दिसणार होते. तेवढ्यात कुणीतरी उत्साहानं त्यांना शाल पांघरली. शाल हिरवीगार. झालं! मॉनिटरवर साहेबांचं धड गडप. वर डोकं, खाली विजार, मधे हिमालय आणि हिमालयाच्या पोटातून बाहेर आलेल्या दोन हातांत नारळ. हिरवं दिसेल ते पुसायचं, एवढंच त्या यंत्राला ठाऊक. पाहुणा कोण आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभरात आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या त्या तेवढ्याच. साहेबांना वाटलं, शालीसाठी.

पाहुणे गेले आणि आपण मिटलात ते मिटलातच. आता कॅमेरा हवा तर अर्ज करा. अर्जावर विभागप्रमुखांची सही आणा. सही मिळाली तर स्टोअरवाले भैया रजेवर. भैया आले तर बॅटरी दुसऱ्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. ‘महागाची वस्तू आहे, पोरं बिघडवतील’, हे आपल्या बाजूचं म्हणणं. बरोबर आहे. पण भोपाळच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सलाही बुरशी धरते, महाराज. ती काय पोरांनी लावली?

आपल्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याचं उगवणं त्यांनी थोडंथोडं टिपलं. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून करत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवलं. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. एवढ्या सगळ्या खटाटोपात स्टोअर इन्चार्ज नावाचा इसम कुठे सापडत नाही. पुढे 1960 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली तीही ‘प्रभात’च्या जुन्या स्टुडिओत. ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या कंपनीच्या वापरलेल्या फ्लोअरवर पोरं शिकली, आणि फ्लोअर काही झिजून गेला नाही.

आमच्याभोवती तर सिनेमाचा सुकाळ आहे. ‘राजनीती’ भोपाळात झाला. ‘पंचायत’ मालिकेतलं फुलेरा गाव म्हणजे सीहोर जिल्ह्यातलं महोडिया. ‘लापता लेडीज’ही सीहोरकडचाच. मुंबईची युनिटं ट्रक भरभरून सामान आणतात आणि काम उरकून निघून जातात. आम्ही मात्र आमच्याच आवारातला कॅमेरा काचेतून बघतो. डिप्लोमा फिल्म मोबाइलवर काढतो, आणि संस्थेच्या माहितीपत्रकावर फोटो छापला जातो तो त्या कॅमेऱ्याचा! फोटोत कॅमेऱ्यामागे उभा असलेला मुलगा आमच्या वर्गातला नाही. कुठल्याच वर्गातला नाही.

तर कुलूपराव, मागणं मोठं नाही. आठवड्यातून दोन दुपारी उघडावं. बॅटरी आणि कॅमेरा एकाच कपाटात नांदू द्यावेत. काही मोडलं तर दुरुस्तीचा खर्च आम्ही वर्गणी काढून भरू. तसं लिहून द्यायलाही तयार आहोत. अर्ज सोबत जोडला आहे, सही तेवढी व्हायची आहे.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, किल्ली असावी ही विनंती.

आपला,
टाळ्यांच्या रांगेतला एक विद्यार्थी