स्वस्तातली फुंकर

ॲरिझोनातल्या लेक हवासूवर माझ्या जुन्या जेट बोटीला एक पांढऱ्या केसांच्या आजी हात हलवत मागे टाकून गेल्या, आणि त्याच रात्री मी ठरवलं की आपल्या इंजिनाला सुपरचार्जर हवा. इंजिन शेव्हरोलेचं, ४५४ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ७.४ लिटर, आमच्या पुण्यातल्या दीडशे सीसीच्या पन्नास स्कुटरी एका जागी बांधाव्यात तेवढं. कमी होतं ते फक्त माझ्या खात्यात.

दोष तळ्याकाठच्या गावाचाही आहे. हे गाव वसवणाऱ्या रॉबर्ट मॅककलक यांनी १९६८ मध्ये चोवीस लाखांहून जास्त डॉलर मोजून लंडन ब्रिज विकत घेतला आणि १९७१ मध्ये इथल्या वाळवंटात उभा केला. त्याआधी हे गृहस्थ सुपरचार्जरच बनवत. अशा हवेत काटकसर सुचणार कशी?

तरी मी सुचवली. सुपरचार्जर म्हणून जुना सहा-एकाहत्तर ब्लोअर घ्यायचा! तो मूळचा जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा: सहा सिलिंडर, दर सिलिंडरला ७१ घनइंच. त्या इंजिनाला स्वतःहून श्वास घेता येत नाही, म्हणून ही फुंकणी. भंगारातून ती उचलून शर्यतीच्या गाड्यांवर बसवायची इथे जुनी रीत आहे. ब्लोअर खरंच परवडत होता. मग त्याच्याखालचं मॅनिफोल्ड आलं, पुल्या आल्या, पट्टा आला, जास्तीच्या दाबाने इंजिन ठोकायला लागू नये म्हणून कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन आले, आणि कार्ब्युरेटर तर मरीनच हवेत, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती बोटीच्या तळाशी साठली की ठिणगीचीच वाट बघते. हा सगळा हिशेब मी कॉम्प्युटरवर ‘किराणा’ नावाने लपवला होता.

“अहो,” ही म्हणाली, “या महिन्यात पिस्टन आठ लागले?”

शेवटी मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, जेट पंप शक्ती खातो ती फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने; फेरे दहा टक्के वाढवायचे तर ताकद एक तृतीयांश जास्त हवी. मी जाणकारासारखी मान हलवली. मग त्याने पंपात टॉर्च मारून बोट घातलं. इम्पेलरभोवतीची वेअर रिंग इतकी झिजली होती की जोर लावलेलं निम्मं पाणी फटीतून मागेच पळत होतं, आणि मी त्या फटीवर आठ पिस्टन ओतायला निघालो होतो. ब्लोअर राहिला. रिंग बदलली. बोट अशी सुटली की मी स्टिअरिंगला कवटाळून सगळ्या देवांची नावं घेतली, त्यात दोन दूरच्या नातेवाइकांचीही आली.

रात्री रिंगचा खर्च टाकायला किराण्याचा तक्ता उघडला. खाली हिने एक ओळ वाढवली होती: पोहण्याचा क्लास, एक माणूस, तातडीने.