काजळीसाठी वाट वाकडी

नगरची कुटुंबं जानेवारीत भंडारदऱ्याला का जातात, याची उत्तरं ठरलेली आहेत. थंडी चांगली असते, तळ्याकाठी तंबू लागलेले असतात, सव्वीस जानेवारीला जोडून एखादा रविवार पदरात पडतो. ही उत्तरं पाहुण्यांना द्यायची. खरं उत्तर गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळ्या रंगात लागलेलं असतं: एक डबीसारखं चित्र आणि तिच्यात ठिपके. हा दिवा लागला की गाडी म्हणते, मला मोठ्या रस्त्यावर घेऊन चला. माझं म्हणणं असं की २०२० नंतर ज्या घरांनी डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली, त्या घरांत सहल ठरवण्याचा अधिकार आजीकडून, पोरांकडून आणि हप्ते भरणाऱ्या नानांकडूनही निघून धुराड्यातल्या एका गाळणीकडे गेला आहे. बाकीच्यांनी फक्त मम म्हणायचं.

हे विधान अतिशयोक्त वाटेल. माझी बरीच विधानं तशी असतात, पण याला यंत्रशास्त्राचा आधार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी बसली. सच्छिद्र सिरॅमिकची ही गाळणी धुरातली काजळी अडवते. अडवलेली काजळी कुठेतरी जायला हवी, म्हणून गाडी अधूनमधून थोडं जास्तीचं डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला मेकॅनिक रीजन म्हणतात. अट इतकीच की तेवढा वेळ गाडी न थांबता पळत राहिली पाहिजे. साधारण हिशेब असा की ताशी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे वीस किलोमीटर. नानांची गाडी एरवी सावेडीहून मार्केट यार्ड, तिथून शाळा, शाळेतून घर एवढीच फिरते. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही आणि काजळी मात्र रोज जमा होते. अर्धवट सुटलेल्या रीजनचं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतं, आणि मग जगात क्वचितच घडणारी गोष्ट घडते: गाडी ऑईल खाण्याऐवजी ऑईल वाढवू लागते. डिपस्टिक काढून पाहणाऱ्या नानांना आधी आनंद होतो.

आता प्रश्न वीस किलोमीटरचा. नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या ऐसपैस जिल्ह्यात ब्रेक न लावता वीस किलोमीटर मिळायला काय हरकत आहे? पाथर्डीकडे जावं तर करंजीचा घाट, छत्रपती संभाजीनगरकडे जावं तर इमामपूरचा घाट, पुण्याकडे जावं तर सुप्याच्या एमआयडीसीची पाळी सुटलेली. गंमत अशी की देशातल्या गाड्यांची परीक्षा घेणारी संस्थाही नगरमध्येच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात ज्या मोजक्या संस्थांची नावं आहेत, त्यांत संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, आणि ती इथल्या वाहननगरात आहे. तिथल्या चाचणीमार्गावर गाडीला काय हवं ते मिळतं. पण तो मार्ग नानांसाठी नाही. नानांसाठी नगर-मनमाड रस्ता आहे.

या रस्त्याबद्दल जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांचं एकमत आहे, हे त्याचं मोठं कार्य. भंडारदऱ्याच्या वाटेवर तो कोल्हारपर्यंत भोगावा लागतो. गाळपाचा हंगाम दिवाळीनंतर तापतो आणि जानेवारीत रस्त्यावर उसाशिवाय काही दिसत नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि पुढे स्पीकरवर गाणी अशी की ट्रॅक्टरवाल्याला मागच्या हॉर्नचा त्रास होऊ नये. वेग पंधरा ते वीस. गाडीत सात माणसं, डबे, पाण्याचा जार, आजीची उशी. पिवळा दिवा लागलेला. नाना ट्रॉली ओलांडतात, साठ गाठतात, रीजन सुरू होतं, पंख्याचा आवाज वाढतो, सगळ्यांच्या चेहऱ्यावर गाडी आजारातून उठल्याचा आनंद दिसतो, आणि पुढच्या फाट्यावरून नवी डबल ट्रॉली रस्त्यावर येते. मग गतिरोधक. मग खड्डा चुकवण्यासाठी समोरून आपल्याच बाजूला आलेला टेम्पो. राहुरीला उजवीकडे शनिशिंगणापूरचा फाटा लागतो. घरांना दारं नसलेलं ते गाव पाहायला ही गाडी गेली, तर पहिल्या वीस पावलांत स्वतःची चारही दारं आपणहून लॉक करून घेईल. पण फाट्याकडे बघायला वेळ कुणाला आहे? सगळं कुटुंब दिव्याकडे बघत असतं.

इथे ऑटोमॅटिकचाही हात आहे. कुटुंबाच्या डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्हीत बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो. क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे जाते. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपणहून चालू लागते, आणि ट्रॉलीमागे तासभर असं सरकताना डाव्या पायाला काहीच काम नसतं. या सुखाला मी नावं ठेवणार नाही, डाव्या पायाच्या आळसात मी कुणाला हार जाणारा नाही. पण हाच गिअरबॉक्स ॲव्हरेजच्या लोभाने लवकर वरचा गिअर टाकतो, इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर रेंगाळतं आणि धूर गार राहतो. काजळीला अशी मऊ वागणूक मानवते. मागच्या सीटवरून काका सांगतात, ‘म्हणून म्हटलं होतं, मॅन्युअल घे. ऑटोमॅटिक चालवणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे.’ काकांनी एकदा नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन यावं. तिथला पॅटन रणगाडा ऑटोमॅटिक होता. क्लचचं पेडल नाही, पुढचे दोन गिअर आणि मागचा एक. तो चालवणाऱ्याला कुणी नवशिका म्हटल्याचं ऐकिवात नाही. शिवाय उपाय सोपा आहे: लिव्हर मॅन्युअल मोडवर आणावी, गिअर खाली धरून ठेवावा, काटा दोन हजारांच्या वर ठेवावा. तेवढ्यासाठी पुढे रस्ता मात्र मोकळा हवा. म्हणजे आपण पुन्हा ट्रॉलीपाशीच आलो.

ट्रॉलीवर चिडणं सोपं आहे. कधीकधी ट्रॉलीऐवजी पुढे बैलांची टायरगाडी असते, उसाच्या मोळ्यांवर बाई बसलेली असते आणि तिच्या मांडीवर पोर झोपलेलं असतं. बीडकडून आलेल्या, आपल्याच पाथर्डीतून आलेल्या टोळ्या. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फडावरच राहायचं असतं. पोरांची शाळा गावाकडे सुटते. त्यांचंही सगळं घरदार रस्त्यावर निघालेलं असतं, फक्त त्याला सहल म्हणत नाहीत. त्यांच्या मागे कुणी हॉर्नवर हात ठेवून बसला, तर त्याच्या गाडीत दिवा कुठलाही लागलेला असो, मला त्याचा राग येतो.

तर कोल्हारला डावीकडे वळून लोणी. १९५० साली इथेच विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि इथेच पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो: उसाच्या जिल्ह्यात डिझेल घेतलंच कशाला, पेट्रोल घ्यायचं. पेट्रोलला ही भानगड एवढी नाही, महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के रोड टॅक्सही जास्त, आणि आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे आपलाच माल. मुद्दा बिनतोड आहे. पण सात माणसं घेऊन चढ चढायचा तर सतराशे-अठराशे फेऱ्यांवरच साडेतीनशे-चारशे न्यूटन मीटरचा जोर देणारं डिझेलच आठवतं. आणि दुसरं कारण नाना फक्त घरात बोलतात. इथेनॉलला चांगला दर मिळाला पाहिजे यासाठी वार्षिक सभेत हात वर करणारा सभासद स्वतःच्या टाकीत ते शक्यतो जाऊ देत नाही, कारण त्याने ॲव्हरेज पडतं. विजेची घ्या म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या गाडीला काजळी नाही, आणि काजळी नसेल तर माझा लेखच उरत नाही.

संगमनेरच्या अलीकडे दुसरा संदेश येतो: डीईएफ भरा, अन्यथा इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. ही धमकी पोकळ नसते. बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांना धुरातले नायट्रोजनचे वायू मारायला हे द्रावण लागतं, आणि त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि उरलेलं शुद्ध केलेलं पाणी असतं. नगर जिल्ह्यात ‘गाडीला युरिया लागतो’ हे वाक्य सांगून पाहावं. कांद्याला लागतो, उसाला लागतो, गाडीला का लागू नये, असं म्हणून ऐकणारा लगेच हिशेबाला बसतो. वीस लिटरच्या बादलीत युरिया सात किलो. सरकारी दराने पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे सात किलोचे एक्केचाळीस रुपये. आणि बादलीला हजाराच्या वर मोजायचे? काका म्हणतात, घरी गोणी पडली आहे, पिंपात ढवळून घेऊ. काकांना इथे मात्र हात धरून थांबवलं पाहिजे. २०१५ पासून खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो. तो लेप पिकाला चालतो, डीईएफच्या बारीक नोझलला चालत नाही. पुढे जो खर्च येतो, त्यात उसाचा एक हप्ता जातो. म्हणून संगमनेरला बादली घेतली जाते, आणि डिकीत आजीची उशी तिच्यावर ठेवली जाते.

अकोले, राजूर, शेंडी. झाडी वाढते, वळणं वाढतात, साठचा प्रश्नच मिटतो. वाटेत रंधा धबधबा, जानेवारीत बारीक धारेचा. मग धरण. विल्सन डॅम १९२६ साली पुरं झालं, दगडी आहे, भव्य आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा सगळ्यांत भक्कम पुरावाही आहे. इथे अडवलेलं प्रवरेचं पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यातून कालव्यांत जातं. त्या कालव्यांवर राहुरी-श्रीरामपूरकडचा ऊस उभा राहतो. तो ऊस ट्रॉलीत बसून नगर-मनमाड रस्त्यावर येतो. त्याच्यामागे ताशी पंधराने सरकताना गाडीत काजळी साठते, आणि ती जाळण्यासाठी कुटुंब भंडारदऱ्याला येतं. धरण बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअरांनी पाण्याचा हिशेब चोख केला होता, डीपीएफचा मात्र त्यांच्या डोक्यात आला नसणार.

शेंडीत पिठलं-भाकरी खाताना परतीचा रस्ता ठरतो आणि माझं म्हणणं सिद्ध होतं. आल्या वाटेने नगर दीडशे किलोमीटर. सगळे दमलेले, पोरांची शाळा दुसऱ्या दिवशी. शहाणा माणूस कोणता रस्ता घेईल? पण गाडी घोटीकडे निघते, म्हणजे जिल्हा सोडून नाशिककडे. कारण घोटीजवळ भरवीरला समृद्धी महामार्गावर चढता येतं. भरवीर ते शिर्डी हा ८० किलोमीटरचा टप्पा २०२३ च्या मे महिन्यात खुला झाला. त्यावर फाटा नाही, गतिरोधक नाही, आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा, वर टोल, आणि तेवढं डिझेल. यावर कुणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरला नेऊन मशीन लावून काजळी जाळून घ्यायची, ते स्वस्त पडेल. पडेल. पण तिथे आजीला नेता येत नाही, आणि बिल देताना मागे डोंगर दिसत नाहीत.

सिन्नरच्या आसपास दिवा विझतो. गाडीत टाळ्या वाजतात, आजी हात जोडते, काका म्हणतात आपोआप विझला असेल. कोकमठाणला उतरून टोल देऊन गाडी पुन्हा नगर-मनमाड रस्त्याला लागते. नाना तिथे बाजूला थांबून स्क्रीनवरचं ॲव्हरेज बघून घेतात, त्याचा फोटो काढतात आणि मगच पहिल्या ट्रॉलीमागे गाडी लावतात. घरी पोचल्यावर दाजींचा फोन येतो, प्रवास कसा झाला हे ते विचारत नाहीत, ‘ॲव्हरेज किती दिलं?’ एवढंच विचारतात, आणि नाना त्यांना भरवीर ते कोकमठाणचा आकडा सांगतात.