विद्युत मोटारीतील कुबट वासाचे शास्त्रोक्त निवारण

विषयव्याप्ती

विजेवर चालणाऱ्या मोटारीत आषाढापासून भाद्रपदापर्यंत मुक्काम ठोकणारा कुबट वास हा प्रस्तुत विवेचनाचा विषय असून, त्याची मांडणी हडपसर परिसरातील मोटारमालकांपुरती मर्यादित ठेवली आहे. मगरपट्ट्याच्या तळघरात उभी असलेली मोटार आणि भेकराईनगरात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली मोटार यांच्या किमतींत कितीही अंतर असले, तरी त्यांच्या वासात ते आढळत नाही.

हा वास म्हणजे बुरशी आणि जिवाणू यांनी हवेत सोडलेल्या अनेक द्रव्यांचे मिश्रण होय. त्यातील मातकट छटा प्रामुख्याने जिओस्मिन या संयुगाची असते, जे मातीतील स्ट्रेप्टोमायसिस वर्गाचे जिवाणू तयार करतात आणि जे पाण्याच्या एक लाख कोटी भागांत जेमतेम पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळते. पहिल्या पावसानंतर हेच द्रव्य दिवे घाटात दरवळले, तर मोटारमालक काच खाली घेऊन भावुक होतो आणि तेच एसीच्या जाळीतून आले, तर सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. यावरून वासाच्या प्रतिष्ठेत त्याच्या पत्त्याचा वाटा किती मोठा असतो, हे अभ्यासकाच्या ध्यानी यावे.

निदान

वासाचे उगमस्थान बहुधा डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा थंड करणारे पातळ पत्र्यांचे जाळे, हे असते. त्या थंड पत्र्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, त्यातील बरेचसे नळीवाटे गाडीखाली ठिबकते, उरलेले पत्र्यांनाच चिकटून राहते आणि सोलापूर रस्त्यावरील धुळीचा त्याला पुरवठा झाला की बुरशीचे अन्नछत्र सुरू होते. हे पेट्रोलच्या मोटारीतही घडत असले, तरी तेथे इंजिनाची उष्णता आयती मिळते व गरम हवा सोडून आतली ओल घालवता येते. विद्युत मोटारीत मात्र हीटर बॅटरीतलीच वीज खातो आणि उरलेले किलोमीटर समोरच्या पडद्यावर सतत दिसत असल्याने मालकाचा हात आखडतो. हीटर निषिद्ध, पंखा मंद, आणि फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोकडून वारा आला म्हणून एकदा दाबलेले आतलीच हवा फिरवण्याचे बटण थेट दिवाळीपर्यंत दाबलेले, अशी ही जीवनपद्धती असते.

प्रचलित संप्रदाय

या वासावरील उपचारांचे तीन संप्रदाय दिसून येतात. सुगंधवादी संप्रदाय आरशाला अत्तराची कुपी टांगतो, ज्यायोगे पूर्वी जेथे एक वास होता तेथे दोन वास नांदू लागतात. परंपरावादी संप्रदाय आसनाखाली डांबरगोळ्या ठेवतो. परंतु त्यांतील नॅफ्थलीनची वाफ बंद जागेत अपायकारक असल्याने या उपायापेक्षा त्याच संप्रदायाची दर शनिवारी बदलली जाणारी लिंबू-मिरची श्रेयस्कर, कारण ती बंपरला लटकते व श्वासात येत नाही. तिसरा, मौनवादी संप्रदाय वासाचे अस्तित्वच नाकारतो आणि त्याची साक्ष प्रामाणिक असते, कारण सततच्या वासाला नाक सरावते व तो जाणवेनासा होतो. म्हणून अंतिम निदानासाठी सासरकडील पाहुण्यांना मागच्या आसनावर बसवावे. त्यांचे मत सहसा स्पष्ट असते.

विधी

प्रथम ओलीचा शोध घ्यावा. मॅट उचलून खालचे कार्पेट हाताने दाबावे. चालकाशेजारील आसनापुढे ते ओले लागल्यास पाणी ठिबकवणारी नळी तुंबली असण्याची शक्यता असते. भिजलेले कापड 24 ते 48 तासांत वाळले नाही, तर बुरशी धरू लागते. म्हणून पावसात भिजलेली छत्री मागच्या आसनाखाली आठवडाभर विश्रांतीस ठेवण्याची प्रथा बंद करावी.

दुसऱ्या पायरीत समोरच्या काचेखालील जाळीत साठलेला पाला काढावा, कारण बाहेरची हवा तेथूनच आत शिरते. तिसऱ्या पायरीत केबिन फिल्टर, म्हणजे बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असणारी हवागाळणी, बदलावी. तिच्या दर्शनाने मालकाच्या मनात जी विरक्ती उत्पन्न होते, ती नवी गाळणी विकत घेईपर्यंत टिकवणे हिताचे. चौथ्या पायरीतील इव्हॅपोरेटर फेसाने धुण्याचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे आणि बॉनेटखालील नारिंगी वायरींना, त्या उच्च दाबाच्या विजेच्या असल्याने, कोणत्याही जिज्ञासेपोटी हात लावू नये.

पाचवी पायरी रोजची असून सर्वांत दुर्लक्षित आहे. मुक्काम दहा मिनिटांवर आला की एसी बंद करून, बाहेरची हवा घेऊन पंखा मोठा करावा, म्हणजे इव्हॅपोरेटर वाळतो. या चैनीचा खर्च मोजता येतो: पंख्यास 200 वॅट वीज लागते असे धरले, तर दहा मिनिटांत एका युनिटचा तिसावा भाग खर्ची पडतो, आणि एका युनिटमध्ये मोटार सहा-सात किलोमीटर जाते असे मानल्यास, गमावलेले अंतर सुमारे 200 मीटर भरते. चार्जर जोडलेला असताना ज्या मोटारींत पंखा चालवता येतो, त्यांच्या बॅटरीला तेवढीही झळ बसत नाही.

अपवाद

वास कुबट नसून गोडसर, रसायनी किंवा जळका असेल, तर हे विवेचन तेथे लागू नाही. बॅटरीतील बिघाडाची ती खूण असू शकत असल्याने गाडी मोकळ्या जागी थांबवून सर्वांनी उतरावे, दूर जावे आणि मगच मदत बोलवावी.

निष्कर्ष

संध्याकाळी गाडीतळावर 200 मीटर सरकण्यास लागणारा वेळ लक्षात घेता, तेवढ्या अंतराच्या बचतीसाठी तीन महिने बुरशी सांभाळणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. तरी मोटारमालकांनी अत्तराची कुपी उतरवावी, पंखा चालू ठेवावा आणि आतलीच हवा फिरवण्याचे ते बटण आजच तपासून पाहावे.