साहेब निघाले!

आपल्या जिल्ह्यात पर्यावरणाच्या गुन्ह्यांची खबर देणारी यंत्रणाच नाही, असं म्हणणाऱ्याच्या तोंडात वाळू पडो. (मिळाली तर. प्रवरा नदीत आता फारशी उरलेली नाही.) यंत्रणा आहे आणि चोवीस तास चालते. तहसील कचेरीच्या फाटकासमोर टपरीवर एक पोरगा बसलेला असतो. दुचाकीचं तोंड रस्त्याकडे, हातात दोन मोबाइल, एक कटिंग दोन तास पुरवलेला. नजर साहेबांच्या गाडीवर. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली की ग्रुपवर मेसेज पडतो, "साहेब निघाले." पुढच्या फाट्यावरचा कळवतो, "नदीकडं वळले." साहेब पात्रात उतरेपर्यंत डंपर उसात शिरलेले असतात आणि वाळू उपसणाऱ्या यारीवरचे मजूर गुडघाभर पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देत असतात.

याला इकडे 'लोकेशन देणं' म्हणतात. मुळा, प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा, सीना अशा नद्यांचा हा १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. एवढ्या पसाऱ्यावर इतकी करडी नजर ठेवणं खायचं काम नाही. माहिती अधिकारासाठी अण्णा हजारे याच जिल्ह्यातून लढले. त्या कायद्यानं माहिती मिळायला तीस दिवस लागतात. टपरीवरून तीस सेकंदांत मिळते.

सरकारी यंत्रणाही आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याची विहीर आटते. पात्रात वाळू होती तोवर ती पाणी धरून ठेवायची आणि झिरपून विहिरीला पोचवायची. आता खडक उघडा पडलाय. तो बिचारा अर्ज करतो. अर्ज तहसीलदारांकडून मंडळ अधिकाऱ्याकडे आणि तिथून तलाठ्याकडे उतरतो. (तलाठ्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पदनाम बदललं, की नदीला बरं वाटतं.) अर्जदाराचं नाव गुप्त ठेवलं जातं. इतकं गुप्त, की दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा फोनही अनोळखी नंबरवरूनच असतो. "काय पाटील, आमचं काही चुकलं का? मळ्यात येऊन सांगायचं. तालुक्याला कशाला हेलपाटा?"

मग पंचनामा होतो. 'जायमोक्यावर पाहणी केली असता वाळू आढळून आली नाही. उत्खनन करताना कोणी इसम मिळून आला नाही. सबब तक्रारीत तथ्य नाही.' चोरी झालेल्या घरात तिजोरी उघडून पाहावी आणि दागिनेच नाहीत तर चोरी कसली, असं म्हणून चहा पिऊन निघावं, तसं हे. आणि चुकून एखादा ट्रॅक्टर सापडलाच, तर तो तहसीलच्या आवारात लागतो. तिथून रात्री तो पळवल्याची बातमी आपण पेपरात अधूनमधून वाचतोच.

कायदे मात्र दणकट. महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. विनापरवाना वाळू उपसणाऱ्यावर चोरीचाही गुन्हा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच सांगितलंय. २०१५ मध्ये वाळूतस्कर एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत बसले. २०२३ मध्ये सरकारनं स्वतःच सहाशे रुपये ब्रासनं वाळू विकायला काढली. दोन वर्षांत डेपो गुंडाळले आणि पुन्हा लिलाव आले. टपरीवरचा पोरगा तेवढा कायम.

आणि त्याला तरी नावं का ठेवावीत? कारवाईआधी खबर पोचवायची, ही आपली कायदेशीर रीतच दिसते. १९७४ च्या पाणी कायद्यात मळीच्या पाण्याचा नमुना पुराव्यात धरायचा, तर घेताना कारखान्याला तिथल्या तिथे कळवावं लागतं. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात नागरिकाला स्वतः कोर्टात जायचं, तर आधी सरकारला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. एका घाटावरून रात्री पाच ब्रासच्या दहाच खेपा धरा. साठ रात्रींत तीन हजार ब्रास. नोटिशीची मुदत संपते, तेव्हा खटला चालवायला कोर्ट असतं, फक्त नदी नसते.

म्हणून माझी सूचना आहे, की या पोरांनाच कंत्राटी पद्धतीनं सेवेत घ्यावं. प्रशिक्षणाचा खर्च नाही, दुचाकी त्यांचीच, नेटपॅकही त्यांचाच. टपरीवरच्या खुर्चीचं तोंड तेवढं नदीकडे फिरवायचं. अडचण एकच दिसते. वाळूवाल्यांकडे हिशोब रोजच्या रोज होतो, आणि आपल्याकडे कंत्राटी माणसाचं बिल कोषागारातून कधी निघेल, याचं लोकेशन अजून कुणालाच देता आलेलं नाही.