बापूंचं अर्थिंग

बापूंच्या डब्याला झाकण आहे. चांगलं ॲल्युमिनियमचं, चार कोपऱ्यांना चार भोकं पाडलेलं. पण ते डब्यावर बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. स्क्रू एका वाटीत असतात आणि झाकणावर वहिनी लसूण सोलतात. झाकण लावायचं म्हणजे काम संपलं असं कबूल करायचं, आणि बापू इतक्या लवकर हार मानणाऱ्यांतले नाहीत.

हा डबा म्हणजे डॅक. मोबाईलमधलं किंवा कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. १९८२ साली सीडी बाजारात आली, तिचा हिशेब असा: सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायचं. या आकड्यांचं पुन्हा कमी-जास्त होणारं व्होल्टेज करणारी आयसी म्हणजे डॅक. तशी ती प्रत्येक टीव्हीत असते, बहुतेक मोबाईलमध्ये असते, फुकट मिळते आणि बरी वाजते. हे बापूंसमोर बोलू नये. चहा मिळत नाही.

बापू नरडाण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. दिवसभर ४१५ व्होल्टच्या मोटारी, कॉन्टॅक्टर आणि जळक्या केबली. तिथे कोणी घाई केली तर बापू शांतपणे सांगतात, "चालते ना मोटर? मग हात लावायचा नाही." घरी आले की ३.३ व्होल्टच्या नादी लागतात आणि हा नियम कारखान्याच्या गेटवरच राहतो. तरुणपणी आयटीआय करून आल्यावर त्यांनी एसटीके आयसीचे ॲम्प्लिफायर असेंबल करून अर्ध्या गावाला दिले. तेव्हा गिऱ्हाइकाची मागणी एकच असे: आवाज पुढच्या गल्लीत गेला पाहिजे. बापूंना मात्र तेव्हापासून गाण्याच्या मागे येणारी बारीक 'घूंऽऽ' छळत आली आहे. बाकीचे गाणं ऐकायचे, बापू घूं ऐकायचे.

पहिला डॅक जांभळ्या पट्टीचा, काडेपेटीहून लहान. रास्पबेरी पायवरून तीन तारा आणल्या: एकीवर आकडे, दुसरीवर त्यांची चाल, तिसरीवर डावं-उजवं. सगळं बरोबर, आणि आवाज शून्य. बापू भिंग घेऊन बसले. पट्टीच्या पाठीवर सोल्डरच्या ठिपक्यांच्या चार जागा असतात. त्यातल्या तिसऱ्या जागी ठिपका चुकीच्या बाजूला बसला, की आयसी तोंड मिटून घेते. शिवाय एससीके नावाची पिन ग्राउंडला जोडावी लागते, तेव्हा आयसी आपलं घड्याळ आपण बनवते. बापूंनी श्वास रोखून डाग दिला, सोल्डरचा धूर चष्म्यावर आला आणि स्पीकरमधून तानपुरा निघाला. वहिनींनी शिरा केला. इतर कुठल्याही घरात गोष्ट इथे संपली असती.

दुसऱ्या दिवशी बापू म्हणाले, "वाजतं. पण मोकळं नाही."

मोकळं वाजावं म्हणून मग टीडीए १५४१ए आली. फिलिप्सची, जुन्या सीडी प्लेअरमधली, २८ पायांची आयसी. तिला अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ असे तीन वेगळे पुरवठे लागतात आणि भोवती १४ छोटे कपॅसिटर. यातल्या निवडक आयसींवर मुकुट छापलेला असे. एक मुकुट म्हणजे उत्तम, दोन म्हणजे दुर्मिळ. बापू धुळ्याहून रात्रीची बस धरून मुंबईला गेले, लॅमिंग्टन रोड पालथा घातला आणि दोन मुकुटवाली आयसी रुमालात बांधून परतले. घरी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तर दोन्ही मुकुट बोळ्यावर आले. राज्य खालसा झालं. पण आयसी खरी निघाली, वाजली, आणि पुढची काही वर्षं बापूंची सोय झाली.

कारण आता बदलण्याजोगं पुष्कळ होतं. ऑपॅम्प सॉकेटवर बसवलेला असल्याने एनई ५५३२ उपटून ओपीए २१३४ खोचायला चिमटा आणि अर्धा मिनिट पुरतं. कपॅसिटरचं तसं नाही. नवा कपॅसिटर लोणच्यासारखा मुरावा लागतो असा बापूंचा सिद्धांत असल्याने डबा रात्र-रात्र चालू राहतो. मुरला की परीक्षा. परीक्षेला नेहमी पंडित भीमसेन जोशी. आधी तानपुरा सुरू होतो. जवारीमुळे त्याच्या एकेका तारेतून स्वरांचा केवढा पसारा उठतो. डॅक कुठे अडखळतो ते तिथेच कळतं. त्यामुळे पंडितजींनी 'आ' लावायच्या आत बापू गाणं थांबवतात आणि विचारतात, "फरक कळला?" बापूंच्या घरी पंडितजींना अजून गायला मिळालेलं नाही.

गल्लीला उत्तर पाठ आहे: "हो बापू, तळ मोकळा झाला." एवढं म्हटलं की चहा. बापूंच्या आईला चहाची लाच लागू पडत नाही. त्या खाटेवरून सांगतात, "माले ते पह्यलेबी तसंच वाजे अन् आतेबी तसंच वाजस." बापूंना हे पटत नाही, पण आईच्या कानात आता वयामुळे वरच्या पट्टीचे स्वर पोचत नाहीत असं ते आदराने समजावतात. त्याच आईला कुलूप लावलेल्या खोलीतलं उतू जाणारं दूध ऐकू येतं, त्याचं काय, हे त्यांना कोणी विचारत नाही.

मग निघालं अर्थिंगचं. घूं अजून होतीच, आणि बापूंच्या मते दोष घराच्या अर्थिंगचा होता. धुळे जिल्ह्यातल्या मे महिन्यात दिवसा खड्डा खणणं शक्य नाही, म्हणून बापूंनी परसात रात्री खणायला घेतलं. कंदील, कुदळ, तांब्याची प्लेट, कोळशाचं पोतं, खडेमिठाचं पोतं. नेमकी अमावस्या. शेजाऱ्यांनी गच्चीवरून पाहिलं आणि गुप्तधनाची बातमी बापूंची प्लेट पुरून व्हायच्या आत पोलीस पाटलांच्या घरी पोचली. पाटील आले. बापूंनी मीठ-कोळसा जमिनीतला ओलावा कसा धरून ठेवतात, अवरोध कसा कमी होतो ते सांगितलं आणि पुरावा म्हणून पाटलांच्या कानावर हेडफोन चढवला.

पाटील बराच वेळ कान देऊन उभे राहिले. "माले ते काहीच ऐकू येत नही."

"तेच!" बापू आनंदाने ओरडले. "तेच ऐकवायचं होतं!"

पाटलांनी हेडफोन परत केला आणि वहिनींना बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली.

घूं दोन दिवसांनी परतली, फक्त बापूंसाठी. खड्ड्याला रोज बादलीभर पाणी घालायचं ठरलं. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, त्यातली एक बादली जमिनीत. वहिनी बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून आमटी पातळ झाली. शेवटी धुळ्याला इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी सुटीवर आली, तिने लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि घूं जागच्या जागी मेली. चार्जरची अर्थ वेगळ्या वाटेने, ॲम्प्लिफायरची वेगळ्या वाटेने, आणि मधल्या ऑडिओ केबलने दोन्ही जोडून वेटोळं पूर्ण केलेलं. ५० हर्ट्झची घूं त्या वेटोळ्यात फिरत होती. बापूंनी मुलीची पाठ थोपटली आणि म्हणाले, "खड्डा होता म्हणून लवकर सापडलं."

ही विद्या वाया गेली नाही. सप्ताहात मंदिराचा भोंगा कीर्तनकारांपेक्षा मोठ्याने गुणगुणायला लागला, तेव्हा मंडपवाल्याने तीन माइक बदलले. बापूंनी एकदाच कान दिला आणि वायर धरून चालत गेले. मिक्सरची लाईट एका घरातून घेतलेली, ॲम्प्लिफायरची समोरच्या घरातून. दोन्ही पिना एका बोर्डात खोचल्या आणि भोंगा गप्प झाला. बुवांनी भर सभेत नारळ दिला. पाच मिनिटांचं काम, खर्च काही नाही, सुटा भाग एकही बदललेला नाही. त्यामुळे बापू या प्रसंगाबद्दल कधी बोलत नाहीत.

घूं गेली तरी नरडाणा राहतंच. एका अंगाला मुंबई-आग्रा महामार्ग, दुसऱ्या अंगाला सुरत-भुसावळ लाईनच्या मालगाड्या, मधे पिठाची गिरणी, आणि मार्च ते जून प्रत्येक खिडकीत कूलर. हजारो रुपये घालून बापूंनी डब्यात जी शांतता तयार केली, ती कूलरपलीकडे जात नव्हती. यावर उपाय एकच, आणि तो आपोआप चालून यायचा. लाईट जायची. गिरणी थांबे, कूलर थांबत, टीव्ही बंद, आणि सारी गल्ली घामाघूम होऊन शिव्या घालत ओट्यावर येई. बापू मात्र आत जात. यूपीएसच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडत, एक अधिक बाजूला, दोन उण्या बाजूला, आणि हेडफोन चढवत. वहिनी बाहेर सांगत, "लाईट गयी. आते ते बसतीन, दार लोटी ल्या."

मग गावाला नवा फीडर आला. लाईट जायची थांबली. गावाने पेढे वाटले. बापूंनी महिनाभर कळ काढली आणि शेवटी वायरमनकडे गेले. वायरमनने सवयीने वही उघडली: लाईट नाही, दाब कमी, तार तुटली, डीपी जळाली. बापूंची तक्रार कुठल्याच रकान्यात बसेना. त्याने 'इतर' खाली लिहिलं, 'लाईट जात नाही', स्वतःच वाचलं आणि खोडलं. पण माणूस चांगला. हळूच म्हणाला, "बापू, रविवारी दुपारी लाईनीवरच्या फांद्या छाटायच्या आहेत. दोन तास बंद ठेवेन. कुणाला बोलू नका."

बापू कुणाला बोलले नाहीत. रविवारी सकाळी वहिनींनी दळण आणलं, टाकी भरली आणि बापूंसाठी चहाचा थर्मास तयार ठेवला. त्यावरून गल्लीने ओळखलं आणि सगळ्यांनी मोबाईल चार्जिंगला लावले.